साहित्याचा तास आणि मुलांची चर्चा

भाषेच्या तासाला बहुतेक वर्गांत एक ठरलेला क्रम चालतो. शिक्षक प्रश्न विचारतात, एखादा विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक ते बरोबर की चूक हे सांगून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. अशाने धडा वेळेत संपतो. पण अर्थ लावलेला असतो शिक्षकांनी, आणि मुले तो वहीत उतरवून घेतात. विद्यार्थिकेंद्री चर्चेत अर्थ लावण्याचे काम मुलांनीच करायचे असते.

अमेरिकेत लुईझ रोझेनब्लाट यांनी १९३८ साली ‘लिटरेचर ॲज एक्सप्लोरेशन’ या ग्रंथात या विचाराचा पाया घातला. मजकूर आणि वाचकाचा अनुभव एकत्र आले की अर्थ घडतो, ही त्यांची मांडणी. त्यामुळे एका कथेचे अनेक अर्थ संभवतात. पण मजकुरात आधार नसलेला अर्थ टिकत नाही. त्याच दशकात न्यू हॅम्पशायरमधील फिलिप्स एक्झीटर अकादमीत एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून, लंबगोल टेबलाभोवती सुमारे बारा विद्यार्थ्यांनी शिक्षकांसह बसून चर्चेतून शिकण्याची पद्धत रुजली.

चर्चा रंगणार की नाही, हे पहिल्या प्रश्नावर ठरते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मधील पोहण्याचा प्रसंग घेऊ. भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मार देऊन पोहायला पाठवते. ‘श्याम का लपला?’ या प्रश्नाला एका वाक्याचे उत्तर पुरते. ‘आईच्या मारामागे राग जास्त होता की काळजी?’ असे विचारले, तर मुलांना पुस्तक पुन्हा उघडावे लागते. कोणी आईचे बोलणे पुढे करतो, कोणी तिचे नंतरचे वागणे. मारणे योग्य होते का, हा प्रश्न त्यानंतर आपसूक येतो आणि त्यात मुलांचे स्वतःचे अनुभवही मिसळतात.

चर्चा सुरू झाली की शिक्षकांनी शांत राहायला शिकावे लागते. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत असल्याचे आढळले. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरे लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. ‘शाब्बास’ म्हणून विषय मिटवण्यापेक्षा ‘हे पुस्तकात कुठे दिसते?’ किंवा ‘याच्याशी कोण सहमत नाही?’ असे विचारणे अधिक उपयोगी. मुलांनी शिक्षकांकडे पाहून न बोलता एकमेकांना उत्तर द्यावे, यासाठी बाकांची मांडणी समोरासमोर करावी.

पन्नास-साठ मुलांच्या वर्गातही हे जमते. आठ-दहा जण मध्ये बसून चर्चा करतात. बाकीचे भोवती बसून कोणता मुद्दा पुराव्यासह आला, कोणता नुसताच, हे टिपतात. थोड्या वेळाने जागा बदलतात. बुजऱ्या मुलांना आधी पाच मिनिटे लिहायला दिले, तर बोलण्यासाठी त्यांच्या हाताशी काहीतरी असते.

या पद्धतीत शिक्षकांचे काम कमी होत नाही. धडा बारकाईने वाचणे, प्रश्न घडवणे, चर्चा भरकटली की तिला मजकुराकडे आणणे आणि शेवटी मतभेद नेमके कुठे उरले हे फळ्यावर मांडणे, ही जबाबदारी त्यांचीच. त्यानंतर प्रत्येकाने आपले मत आधारासह परिच्छेदात लिहिले, की परीक्षेची तयारीही त्यातच होते आणि उत्तर गाईडमधले न राहता मुलाचे स्वतःचे होते.