घाव तोच, वाट वेगळी

मॉस्कोच्या केंद्रीय श्रमसंस्थेत १९२०च्या दशकात निकोलाय बर्नस्टाइन हे तरुण डॉक्टर कामगारांच्या खांद्याला, कोपराला, मनगटाला आणि हातोड्याला बारीक दिवे बांधत आणि त्यांना छिन्नीवर घाव घालायला लावत. कॅमेऱ्यापुढे खाचा पाडलेली तबकडी गरगरत असे, त्यामुळे प्रत्येक दिव्याचा मार्ग एकाच फोटोत ठिपक्याठिपक्यांनी उमटे. क्रांतीनंतरच्या रशियाला कामगार यंत्रासारखा अचूक करायचा होता. उत्तम घावाचा एक नमुना शोधावा आणि तो सगळ्यांकडून घोटून घ्यावा, असा संस्थेचा बेत होता. ठिपके वेगळेच काही सांगत होते. मुरलेल्या कामगाराचा हातोडा दर वेळी नेमका छिन्नीवर बसे, पण खांदा, कोपर आणि मनगट तिथवर दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेने पोचत. एक सांधा किंचित चुकला की दुसरा ती चूक भरून काढी.

मेंदू हुकूम सोडतो आणि स्नायू तो बजावतात, या समजुतीत हे बसत नव्हते. त्या समजुतीच्या बाजूने पुरावा मात्र भरभक्कम होता.

हुकमाची वाट

बोलोन्याच्या लुईजी गॅल्वानींनी १७९१मध्ये बेडकाच्या पायांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि स्नायूंचे विजेशी नाते उघड झाले. १८७०मध्ये जर्मनीच्या फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा सौम्य झटका दिला, तर विरुद्ध बाजूचा पाय हलला. माँट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करताना, कुठल्या जागेला झटका दिल्यावर कुठला अवयव हलतो याचा नकाशा टिपला आणि तो १९३७मध्ये मांडला. त्यात हाताची बोटे, ओठ आणि जीभ यांनी ऐसपैस जागा अडवली आहे, तर धडाच्या वाट्याला चिंचोळी पट्टी आली आहे.

मेंदूतून निघालेला संदेश मज्जारज्जूतल्या चेतापेशीपर्यंत येतो आणि तिथून स्नायूकडे जातो. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायुतंतू मिळून हालचालीचे सर्वांत लहान एकक होते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत एका पेशीच्या वाट्याला जेमतेम दहाएक तंतू असतात, पोटरीत हजाराहून अधिक. म्हणून नजर बारीक कामाची आणि पोटरी ताकदीची. शिवाय जोर लावताना आधी लहान एकके कामाला लागतात, मोठी मागून येतात. हा क्रम अमेरिकेच्या एलवुड हेनेमन यांनी दाखवला.

पण नुसत्या हुकमाने भागत नाही, हे बर्नस्टाइन यांनी ओळखले. हात खाली लोंबत असताना आणि डोक्यावर उचललेला असताना तोच संदेश स्नायूला दिला, तर हालचाल वेगवेगळी होते, कारण गुरुत्व, वेग आणि सांध्याचा कोन बदललेला असतो. त्यात खांद्यापासून मनगटापर्यंत हात सात प्रकारे वळू शकतो. बोटाचे टोक हवेतल्या एका बिंदूवर न्यायला तीनच पुरेत, म्हणजे एकाच कामाच्या वाटा अगणित. यातली वाट आधीच ठरवून ठेवता येत नाही. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या सरकारमान्य सिद्धांतावर केलेली टीका मात्र बर्नस्टाइन यांना भोवली. १९४८मध्ये स्टालिन पारितोषिक मिळालेल्या या माणसाच्या हातून थोड्याच वर्षांत प्रयोगशाळा गेली.

परतीचा निरोप

स्नायूंच्या आत ताण मोजणारे सूक्ष्म संवेदक असतात. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो तो त्यांच्यामुळेच. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे कळते, या जाणिवेला चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६मध्ये नाव दिले. ती गेली तर काय होते, हे १९७१मध्ये इयन वॉटरमन या १९ वर्षांच्या इंग्रज तरुणाच्या बाबतीत दिसले. जर्सी बेटावर खाटकाच्या दुकानात काम करणाऱ्या या मुलाला ताप आला आणि त्यानंतर मानेखालच्या स्पर्शाची आणि अंगस्थितीची जाणीव नाहीशी झाली. स्नायू शाबूत, हुकमाच्या नसाही शाबूत, तरी त्याला उठून बसता येईना. पुढे डोळ्यांनी प्रत्येक अवयवावर पहारा ठेवत तो पुन्हा चालायला शिकला. दिवे गेले, की मात्र कोसळे.

परतीच्या निरोपाला एक अडचण आहे: तो उशिरा येतो. सर्वांत वेगवान नसांतूनही संदेश सेकंदाला शंभरेक मीटरच जातो आणि डोळ्यांनी पाहून हालचाल बदलायला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. ताशी १४५ किलोमीटरने टाकलेला चेंडू फलंदाजापाशी अर्ध्या सेकंदाच्या आत-बाहेर पोचतो. पीटर मॅक्लाउड यांनी १९८७मध्ये दाखवले, की टप्प्यानंतर अचानक वळलेल्या चेंडूला प्रतिसाद द्यायला कसोटीपटूंनाही इतरांइतकेच, सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. फरक दुसरीकडे आहे. मायकल लँड आणि मॅक्लाउड यांनी २०००मध्ये फलंदाजांच्या नजरेचा माग काढला. चेंडू हातातून सुटताना फलंदाज तो पाहतो आणि मग नजर चेंडूला मागे टाकून तो जिथे टप्पा घेणार तिथे उडी मारते. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर होते. त्याचा मेंदू भाकितावर खेळतो.

या भाकितात लहान मेंदूचा वाटा मोठा आहे. माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८६०० कोटी चेतापेशींपैकी सुमारे ६९०० कोटी एकट्या लहान मेंदूत आहेत. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूवर गोळी लागलेले सैनिक गॉर्डन होम्स यांनी तपासले. त्यांचे हात लुळे पडलेले नव्हते, पण नाकाला बोट लावताना ते पुढे जाई किंवा अलीकडे थांबे. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, त्यामागेही हेच भाकीत आहे. आपल्याच बोटांचा स्पर्श मेंदूने आधी ओळखलेला असतो.

अडलेले पाऊल

हालचाल सुरू करण्याचे कामही वेगळेच आहे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७मध्ये वर्णन केलेल्या कंपवातात नेमके तेच अडते. त्याच्या उलगड्यात आपल्या रानातल्या दोन वनस्पती आहेत. सर्पगंधेतून मिळणारे रेसर्पिन दिल्यावर ससे गलितगात्र झाले. १९५७मध्ये स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी त्यांना एल-डोपा टोचला, तेव्हा ते हिंडू-फिरू लागले. एल-डोपापासून मेंदूत बनणाऱ्या डोपामिन या संदेशवाहक रसायनाचे हालचालीतले महत्त्व त्यातून कळले आणि २०००मध्ये कार्लसन यांना नोबेल मिळाले. तोच एल-डोपा खाजकुयलीच्या बियांतून दामोदरन आणि रामस्वामी यांनी मद्रासला १९३७मध्येच वेगळा केला होता. कंपवाताच्या काही रुग्णांचे पाऊल दारात खिळते. पण जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या, की तोच रुग्ण त्या ओलांडत चालू लागतो. आतून न निघालेली सुरुवात डोळ्यांच्या वाटेने मिळते.

सराव म्हणजे पाठ केलेले उत्तर पुन्हा लिहिणे नव्हे, तेच गणित पुन्हा सोडवणे, हा बर्नस्टाइन यांच्या विचारांचा गाभा आता उपचारांत उतरला आहे. पक्षाघातानंतर हात नुसता हवेत वर-खाली करण्यापेक्षा फिजिओथेरपिस्ट रुग्णाला पेला उचलायला, कडी काढायला, बटण लावायला सांगतात. एडवर्ड टॉब यांच्या पद्धतीत तर धडधाकट हात बांधूनच ठेवतात, म्हणजे दुबळ्या हाताला कामातून सुटका नाही. भरलेला पेला आणि रिकामा पेला यांना लागणारा जोर वेगळा, जवळच्या आणि लांबच्या पेल्याची वाट वेगळी. हा फरक उचलण्याआधीच ताडता येणे हेही बरे होण्यातच मोडते. नुसते दंडात बळ आले म्हणून पेला ओठापर्यंत न सांडता येत नाही.