भाईंदरला ऐकू येते ते कुठले आकाश?

चीनमधल्या शिआनजवळच्या ‘बीपीएम’ केंद्राचे कालसंकेत १० मेगाहर्ट्झवर येतात. उत्तनच्या किनाऱ्यावर किंवा मीरा रोडच्या गच्चीवर ते टिपून आयनांबराचे, म्हणजे सूर्यकिरणांनी विद्युतभारित झालेल्या वरच्या हवेचे, खरेखुरे मोजमाप करता येते. मात्र ते भाईंदरच्या आकाशाचे नसते, आणि नोंदीत हे आधी लिहायला हवे. अंतर सुमारे ४,००० किलोमीटर. लहर एकाच उसळीत आली तर ती भूतानच्या उत्तरेला तिबेटवरच्या आयनांबरावरून खाली परतते. दोन उसळ्यांत आली तर एकदा पश्चिम सिचुआनवर आणि एकदा पूर्व मध्य प्रदेशावर. डोक्यावरचे आयनांबर तपासायचे तर स्पंद सरळ वर सोडून त्याचा प्रतिध्वनी पकडावा लागतो. आकाशवाणीच्या संशोधन विभागाने १९४०च्या दशकात मुंबईत हेच काम केले होते.

दाट वस्तीत एलईडी दिवे, चार्जर आणि लिफ्ट यांच्या खरखरीत असले मोजमाप टिकेल का, ही शंका रास्त आहे. संकेताची तीव्रता मोजायला गेलो तर नाहीच टिकत. म्हणूनच वारंवारता मोजावी. खरखर संकेताला झाकते, पण त्याची वारंवारता सरकवत नाही. १० मेगाहर्ट्झची लहर ३० मीटर लांबीची. तिचा मार्ग सेकंदाला ३० मीटरने आखडला, तर वारंवारता १ हर्ट्झने चढते. पहाटे ऊन पडताच परावर्तनाची उंची खाली येते आणि वारंवारता वाढते. सूर्यास्तानंतर उलट घडते. खरा धोका ग्राहकयंत्राच्या स्वतःच्या घड्याळाचा आहे. त्यात दहा लाखांत एकाची चूक असली तरी १० हर्ट्झचा फरक पडतो आणि आकाशाची सगळी हालचाल त्यात बुडते. म्हणून त्या घड्याळासाठी जीपीएसला जोडलेला आंदोलक हवाच.

उपग्रह असताना हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाईल. विमानांसाठीची आपली ‘गगन’ यंत्रणा आयनांबरामुळे होणारा विलंब मोजते खरी, पण तो विलंब उपग्रहापर्यंतच्या वाटेवरच्या एकूण इलेक्ट्रॉनांचा. कुठला थर वर सरकला, कुठला खाली, ते त्या बेरजेत दिसत नाही. परावर्तित लहरीत दिसते. शिवाय दुपारी चुंबकीय विषुववृत्तावरून उचलले गेलेले इलेक्ट्रॉन उत्तरेला आणि दक्षिणेला उतरून दाटतात, आणि त्यांचा उत्तरेकडचा उंचवटा साधारण मध्य प्रदेशाच्याच अक्षांशांवर येतो. दुसरी उसळी नेमकी तिथेच. एक उसळीची आणि दोन उसळ्यांची लहर वारंवारतेच्या आलेखावर पुष्कळदा वेगळ्या रेषा उमटवतात. त्या वेगळ्या वाचता आल्या नाहीत, तर तेवढे तास नोंदीतून वगळावेत. नागपुरातही असाच ग्राहक बसवला, तर तिथल्या लहरीचे परावर्तनबिंदू पूर्वेकडे सरकतील आणि दोन्ही आलेखांच्या तुलनेतून कुठला बदल कुठल्या आकाशाचा, हे ठरवायला आधार मिळेल.