समुद्राकाठची मर्यादवेल

मुलांना समुद्रावर नेलं की शंखशिंपले, भेळ आणि ओले कपडे, एवढ्यावर सहल आटोपते, नाही का? या खेपेला त्यांना जरा मागे, कोरड्या वाळूकडे न्या. भरतीचं पाणी जिथवर येतं, त्या रेघेच्या वरच्या अंगाला जाड पानांची हिरवी वेल पसरलेली दिसेल. तीच मर्यादवेल. ‘इथवरच ये’ असं जणू ती समुद्राला बजावते.

पान बघून मुलं म्हणतील, “आई, हे तर सोनं!” खरंच, अगदी आपट्यासारखं दुभंगलेलं पान. शास्त्रज्ञांना मात्र त्यात शेळीचा खूर दिसला. ‘पेस-काप्री’ या शास्त्रीय नावाचा अर्थ तोच. (ज्यांच्याकडे दसरा नाही, त्यांना आणखी काय आठवणार म्हणा!) फूल जांभळट गुलाबी, नरसाळ्यासारखं. सकाळी उमलतं, ऊन चढलं की मलूल होतं. तेव्हा सकाळीच जावं. ही रताळ्याची बहीण, हे ऐकून माझ्या वर्गातल्या मुलांना फार गंमत वाटते. पण ही खायची नव्हे, हेही लगेच सांगून टाकावं. मुलांचा काय नेम!

पुढचा प्रश्न ठरलेला: नुसत्या वाळूत ही जगते कशी? पानं जाड, ओल धरून ठेवणारी. मूळ खोल जातं. शिवाय ही वेल वाळूवर धावता धावता पेरापेराला मुळं सोडते. मुलांना सांगायचं, हा धावदोरा. एकेक पेर म्हणजे एकेक टाका. या टाक्यांनी उडती वाळू धरून ठेवली जाते, हळूहळू तिचा उंचवटा होतो, आणि वादळात मागच्या वाड्यांना तेवढाच आडोसा मिळतो.

बियांचीही मजाच. केसाळ आणि हलक्या, खाऱ्या पाण्यावर तरंगत त्या दूरच्या किनाऱ्याला लागतात आणि रुजतात. म्हणून आपल्या कोकणातली ही वेल आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, ब्राझीलमध्येही भेटते.

पण हल्ली किनारा ‘साफ’ करताना हिलाच रान समजून उपटतात. एका स्वच्छता मोहिमेत मुलांनी प्लॅस्टिकबरोबर हिचेही भारे ओढून आणले, आणि मोठ्यांनी शाबासकी दिली! वेल ओढली की टाके उसवलेच; वाळू मोकळी झाली. म्हणून मुलांच्या हाती पिशवी देण्याआधी वेल दाखवा. बाटल्या, पिशव्या, जाळ्यांचे तुकडे उचलायचे. मुळं असलेलं काही ओढायचं नाही. जवळ एक कात्री असू द्या. वेलीत नायलॉनची दोरी गुंतलेली असते, ती कापून काढायची, वेल नाही.