लष्करातला जुना ट्रेलर दिंडीच्या सेवेला

आषाढी वारीत दिंडी पायी चालते आणि तिचा संसार गाडीवर चालतो. राहुट्या, भांडी, शिधा, पाण्याची पिंपे आणि अंथरुणे मुक्कामी आधी पोहोचली, तरच थकल्याभागल्या वारकऱ्याला वेळेवर घास मिळतो. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी हे माउलींच्या पालखीचे मुक्काम आपल्या सोलापूर जिल्ह्यातलेच. तुकोबारायांची पालखी अकलूजवरून येते. लहान दिंडीला ट्रकचे भाडे झेपत नाही. गावातल्या ट्रॅक्टरमागे जोडता येईल असा, लष्कराने मोडीत काढलेला दोन चाकी ट्रेलर तिच्या उपयोगी पडतो. त्याचा सांगाडा दणकट असतो. परंतु आणला आणि जोडला, असे मात्र करू नये.

कागद आधी, पैसे नंतर

मुदत संपलेली लष्करी वाहने लिलावाने विकली जातात. १९६४ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची एम.एस.टी.सी. ही कंपनी असे लिलाव इंटरनेटवर घेते. माल पुष्कळदा ढिगाने निघतो, म्हणून शेतकऱ्याच्या हाती तो बहुधा भंगार व्यापाऱ्यामार्फत येतो. व्यापाऱ्याकडे लिलावाची पावती व माल सोडल्याचा कागद मागावा आणि चासीवरचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा. कागद नसतील, तर आर.टी.ओ.त नोंदणी होणार नाही. मग तो ट्रेलर कितीही स्वस्त मिळाला तरी लोखंडाच्या भावाचाच.

रंगही बदलावा लागतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे लष्करी हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना चालतो. तांबडा, निळा, कोणताही दुसरा रंग द्यावा आणि जुने लष्करी क्रमांक पुसून टाकावेत. वर पत्र्याचे कायमचे घर चढवायचा विचार असेल, तर आधी आर.टी.ओ.त विचारावे. मूळ वाहनात परस्पर बदल करता येत नाही. आपल्या कामाला काढता-घालता येणारी ताडपत्रीच सोयीची.

कडी, चाके, दिवे

लष्करी ट्रेलरच्या दांड्याला पुढे जाड गोल कडी असते. ती लष्करी गाडीच्या मिटणाऱ्या हुकात बसते. ट्रॅक्टरला मात्र पिन असते. मोठ्या कडीत बारीक पिन घातली, तर प्रत्येक ब्रेकला हातोडा मारल्यासारखा दणका बसतो आणि एक दिवस पिन तुटते. कडी कापून तिला वेल्डिंगचा जोड देऊ नये. कडीच्या मापाचा हुक ट्रॅक्टरला बोल्टने बसवून घ्यावा. जोडल्यावर दांडा जमिनीशी समांतर राहिला पाहिजे. हुक निसटलाच तर ट्रेलर मोकाट सुटू नये, म्हणून साखळीही लावावी.

चाकांकडे विशेष लक्ष द्यावे. काही लष्करी रिमा दोन भागांच्या, बोल्टने आवळलेल्या असतात. टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सैल केले, तर रिम उडून माणूस जागीच दगावू शकतो. हवा पूर्ण सोडल्याशिवाय पान्हा लावू नये; हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. नक्षी चांगली दिसली तरी रबर जुने होते. टायरवर चार अंकी आकडा असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायरच्या कडेला भेगा दिसल्या, तर टायर बदलावा. बेअरिंग रॉकेलने धुऊन नवे ग्रीस भरावे आणि ब्रेक दुरुस्त करून घ्यावेत.

लष्करी गाड्यांची वीज बहुधा २४ व्होल्टची, ट्रॅक्टरची १२ व्होल्टची. जुने बल्ब तसेच ठेवले तर मिणमिणतात. ते बदलावेत. मागे लाल, पुढे पांढरे व बाजूंना पिवळे रिफ्लेक्टर लावावेत. रुंद झालेल्या पालखी मार्गावर वाहने वेगाने येतात. अंधारात उभा ट्रेलर त्यांना दिसलाच पाहिजे.

गाडी उलाळ नको

बैलगाडी हाकलेल्यांना हे समजावून सांगायला नको. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते. ट्रेलरचेही तसेच. मागे भार पडला तर तो शेपटासारखा हलतो आणि ट्रॅक्टरची मागची चाके हलकी करतो. साधारण दहावा हिस्सा भार हुकावर यावा. पाणी जड असते. २०० लिटरच्या पिंपात २०० किलो भरते. पिंपे आखाच्या वरच, थोडी पुढे ठेवावीत आणि बांधावीत. पिठाची पोती खाली, अंथरुणे वर.

मुक्कामी

ट्रॅक्टर सोडण्यापूर्वी चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि चारही कोपऱ्यांना टेकू द्यावेत. टेकू नसताना कोणी मागून चढले, तर ट्रेलर उलटतो. काळ्या मातीत टेकू रुततात, म्हणून खाली फळी ठेवावी. लोखंडी नळ्यांच्या कमानींवर ताडपत्री ताणून एका बाजूला मांडवासारखी पुढे काढावी. स्वयंपाक तिथे, उघड्यावर करावा. गॅसची टाकी किंवा शेगडी बंद ताडपत्रीत नेऊ नये; कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच प्राण जातो. नदीच्या पात्रात मुक्काम टाकू नये. उजनी धरणातून पाणी सोडले की चंद्रभागा चढते.

माणसे ट्रेलरात नाहीत

मालवाहू ट्रेलरात माणसे बसवणे कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याची भरपाईही अडचणीत येते. कायद्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की, ट्रेलर कलंडला तर आतल्या माणसाला धरायला काही नसते. वर पिंपे आणि पोती कोसळतात. ‘आजी दमली, घ्या तिला ट्रेलरवर’ हे मायेने होते, आणि घात तिथेच होतो. दमलेल्यांना एस.टी.ने पुढच्या मुक्कामी पाठवावे. माणसे पायी आणि ओझे गाडीत, ही दिंडीची रीतच सर्वांत सुरक्षित आहे.

हे काम अक्षय्य तृतीयेच्या सुमारास काढावे आणि निघण्यापूर्वी भरलेल्या ट्रेलरची गावच्या रस्त्यावर एक फेरी मारून हुक, चाके व ब्रेक पुन्हा तपासावेत. वारीनंतरही तो रिकामा राहत नाही. ज्वारी हुरड्यात आली की शेताच्या बांधावर हाच ट्रेलर राखणीची खोप होतो.