डायनामोच्या दिव्याची तार

सायकलचा डायनामो बॅटरीसारखा वागत नाही. सर्वसाधारण डायनामोवर 6 व्होल्ट, 3 वॅट असे लिहिलेले असते. म्हणजे प्रवाह सुमारे अर्धा अँपिअर. वेग वाढला तरी हा प्रवाह फारसा वाढत नाही, मात्र तो टिकवण्यासाठी डायनामो व्होल्टेज चढवत नेतो. जुन्या पद्धतीत पुढचा बल्ब 2.4 आणि मागचा 0.6 वॅटचा असतो. पुढच्या दिव्याची तार निसटली, की सगळा प्रवाह मागच्या इवल्याशा बल्बात घुसतो आणि तो क्षणात उडतो. दोष बल्बाचा नसतो, सांध्याचा असतो.

म्हणून डाख नीट हवा. आधी तार आणि टर्मिनल घासून लख्ख करा. सोल्डरिंग आयर्न टर्मिनलला लावा आणि डाख तापलेल्या धातूवर वितळू द्या, आयर्नच्या टोकावर नाही. कथील-शिशाचा डाख 183 अंश सेल्सिअसपासून वितळू लागतो. त्यातली राळ धातूवरचा गंज-थर काढते. सांधा चकचकीत, पसरलेला दिसला तर पक्का. थेंबासारखा गोळा झाला तर पुन्हा करा.

पण नुसता डाख पुरत नाही, हे फार जण विसरतात. डाख तारेच्या धाग्यांत जिथवर झिरपतो तिथवर ती ताठ होते आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. तिथे तापवल्यावर आवळणारी नळी चढवा आणि तार जवळच फ्रेमला बांधा. परतीचा प्रवाह फ्रेममधून जात असेल, तर स्क्रूखालचा रंगही खरवडायला हवा. रंगातून वीज जात नाही.