दिसतं तसं वाचलं जात नाही!

कॉलेज फेस्टची वेबसाइट बनवायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. सगळं तयार झाल्यावर आदल्या रात्री कोअर टीमचा मेसेज येतो, ‘रजिस्ट्रेशन फॉर्ममध्ये फी आधी, मग नाव, मग इव्हेंट? फी शेवटी घ्या ना!’ आता एचटीएमएल कोण उचकणार? सीएसएसमध्ये एक ओळ टाकायची, काम फत्ते!

ती ओळ आहेच तशी भन्नाट. बाहेरच्या चौकटीला फ्लेक्सबॉक्स लावलेला असेल, तर आतल्या प्रत्येक भागाची ‘ऑर्डर’ मुळात ० असते. फीला १ दिला की ती तळाशी जाते, उणे १ दिला तर सगळ्यांच्या वर. ‘कॉलम-रिव्हर्स’ लिहिलंत तर अख्खी रांगच उलटी. ग्रिडमध्ये तर हवा तो भाग हव्या त्या खणात बसवता येतो. जावास्क्रिप्ट लागतच नाही.

पण इथेच खरी गोम आहे. बदलतं ते फक्त दिसणं, एचटीएमएलमधला क्रम होता तस्साच राहतो. तुमच्या वर्गातली दृष्टिहीन मैत्रीण हाच फॉर्म स्क्रीन रीडरवर ऐकते, तेव्हा तो सहसा एचटीएमएलच्या क्रमानं वाचतो. म्हणजे तिला आधी फी भरायला सांगितलं जातं. कशाची फी, तर इव्हेंट अजून निवडलेलाच नाही! हाताच्या त्रासामुळे माउस न वापरणाऱ्या मित्राचंही तेच. तो टॅब दाबतो आणि कर्सर थेट तळाशी फीवर, मग उडी मारून वर नावावर. फॉर्म दिसतो सरळ आणि भरायला मात्र उलटा.

फ्लेक्सबॉक्सच्या स्पेसिफिकेशनमध्येच बजावून ठेवलंय, की ‘ऑर्डर’ दिसण्यासाठी वापरा, अर्थाचा क्रम बदलण्यासाठी नको. वेब अॅक्सेसिबिलिटीची डब्ल्यूसीएजी ही जागतिक मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. क्रमावर अर्थ अवलंबून असेल, तर तो क्रम सॉफ्टवेअरलाही कळायला हवा.

मग ही ट्रिक वापरायचीच नाही का? वापरा की! पाहुण्यांच्या ओळखीत एकाचा फोटो डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे हवाय? बिनधास्त करा. फोटो आधी आला काय किंवा माहिती आधी आली काय, अर्थ तोच राहतो. फॉर्म, पायऱ्या, वेळापत्रक इथे मात्र हात आवरा.

साइट लाइव्ह करण्याआधी दोन मिनिटं काढा. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबवर अख्खा फॉर्म भरून बघा. फायरफॉक्सच्या व्ह्यू मेन्यूत पेज स्टाइलमध्ये ‘नो स्टाइल’ निवडा, म्हणजे सीएसएसचा मेकअप उतरलेलं पान समोर येईल. विंडोज असेल तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. तो लावा, डोळे मिटा आणि स्वतःचंच पान ऐका. क्रम चुकला, तर एचटीएमएलमधला तो तुकडा कट करून योग्य जागी पेस्ट करा. फेस्ट सगळ्यांचाच आहे ना?