भरधाव मोटार आणि दोषाची वाटणी

भरधाव मोटारीचा अपघात होऊन माणूस दगावला, की फिर्यादीच्या कागदावर ‘हयगयीने व बेदरकारपणे वाहन चालवून’ हे ठरीव शब्द उमटतात आणि लोकांच्या मनातला खटला तेथेच निकाली निघतो. परंतु ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेग ज्यांच्या अंगी आहे अशा मोटारी जेव्हा हौशी माणसाच्या हाती येतात, तेव्हा दोषाचा विचार चालकापासून सुरू झाला तरी चालकापाशीच संपतो असे म्हणता येत नाही.

याचे बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातील आहे. २००५ च्या जूनमध्ये फोंटाना येथील शर्यतीच्या ट्रॅकवर हौशी मोटारमालकांना गाड्या पळविण्याची मुभा होती. पोर्शे कंपनीची ‘कॅरेरा जीटी’ वेगाने येत असतानाच एक फेरारी संथपणे ट्रॅकवर सोडण्यात आली, तिला चुकविताना पोर्शेचा ताबा सुटला, आणि भिंतीवरच्या त्या आघातात मालक व शेजारी बसलेला त्याचा मित्र असे दोघेही ठार झाले. जोखीम आपणच पत्करल्याच्या कागदावर मित्राने सही केलेली असूनही त्याच्या पत्नीने दावा लावला. अखेर सुमारे ४५ लाख डॉलरांवर तडजोड झाली, तीत चालकाच्या मालमत्तेवर ४९ टक्के, ट्रॅक व कार्यक्रमाच्या व्यवस्थापकांवर ४१, पोर्शेवर ८ आणि फेरारीच्या चालकावर २ टक्के भार पडला. स्टिअरिंग ज्याच्या हाती होते त्याच्या वाट्याला निम्म्याहूनही किंचित कमी आले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कंपनीच्या त्या आठ टक्क्यांमागचा वाद असा, की गाडी घसरू लागताच एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून तिला मार्गावर आणणारी संगणकीय यंत्रणा या सहाशेहून अधिक अश्वशक्तीच्या मोटारीत बसविलेली नव्हती. दाव्यातले म्हणणे, ही उणीवच होय. उलट पक्षाची कैफियत, ही मोटार जाणत्या चालकासाठीच घडविलेली आहे.

हाच वाद २०१३ च्या ३० नोव्हेंबरला, चित्रपट अभिनेता पॉल वॉकर याच्या मृत्यूनंतर पुन्हा उभा राहिला. तो बसला होता ती मोटारही कॅरेरा जीटीच, आणि ती चालवीत होता त्याचा मित्र. पोलिसांच्या तहकिकातीत असे आढळले, की ताशी ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडीचा वेग १२९ ते १५० च्या दरम्यान होता आणि टायर सुमारे नऊ वर्षे जुने होते. वेग दुप्पट झाला म्हणजे आघाताची ऊर्जा चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम कोणाच्याही कैफियतीने बदलत नाही. मृत चालकाच्या पत्नीचा कंपनीविरुद्धचा दावा २०१६ मध्ये फेटाळला गेला. वॉकरच्या मुलीच्या दाव्यात पुढल्या वर्षी तडजोड झाली, पण तिच्या अटी जाहीर झाल्या नाहीत.

आपल्याकडे हा प्रश्न पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे अधिकच विदारक रूपात पुढे आला. मोटार पोर्शेचीच, पण ती चालविल्याचा आरोप ज्याच्यावर आहे तो सतरा वर्षांचा मुलगा, आणि मृत्यू पावले ते दुचाकीवरून जाणारे दोन तरुण अभियंते, ज्यांनी कोणतीही जोखीम पत्करलेली नव्हती. बाल न्याय मंडळाने जामिनासाठी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली तेव्हा लोकक्षोभ उसळला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून थोरामोठ्यांनाही अटक झाली. अशा प्रसंगी मोटार वाहन कायद्याचे २०१९ मध्ये घातलेले १९९-अ हे कलम महत्त्वाचे ठरते: अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा मालक दोषी मानला जातो, आणि आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती हे त्यालाच सिद्ध करावे लागते, अन्यथा तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

या तिन्ही प्रसंगांत मला एक सूत्र दिसते. ताबा सुटल्यानंतर चालकाच्या हाती क्षणार्धच उरतो, म्हणून त्याचा खरा अपराध त्या क्षणात नसून त्यापूर्वी त्याने पसंत केलेल्या वेगात आहे. पण ट्रॅकवर गाडी सोडणाऱ्या व्यवस्थापकाला, टायर बदलायचे की नाही हे ठरविणाऱ्या मालकाला, यंत्रणा गाळणाऱ्या निर्मात्याला आणि किल्ली हाती देणाऱ्या बापाला विचारासाठी पुष्कळ अधिक अवकाश होता. ज्याला शांतपणे विचार करण्यास जितकी सवड, तितकी त्याची हयगय अक्षम्य, या मापाने दोष मोजला तर चालकाची सुटका होत नाही. इतरांना मात्र त्याच्या आड लपता येत नाही.